कुरवाला वाढलेलं पान

बहारीनला मी गेले तेव्हा माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नवऱ्याबरोबर एका घरात राहिले असं काही झालं नव्हतं. आमचे हे आधीपासून तिकडे, बोटीवर खलाशी. दोन वर्षांनी एकदा गावी यायचे. रत्नागिरीकडे खाडीच्या काठाला आमचं गाव. आले की घर भरलेलं. सासू, दीर, नणंदा, बघायला आलेली माणसं. माझ्या वाट्याला त्यांचे कपडे धुवायला यायचे. रजा संपली की ते जायचे.

मंग मला घरकामाचा व्हिसा मिळाला. पोरगी आईकडे ठेवली आणि गेले. म्हटलं, एका देशात तरी राहू. तर ते हूऱ्याला एका खोलीत सात-आठ बाप्यांबरोबर, आणि मी जिदहफ्सला मॅडमच्या स्वयंपाकघराच्या मागे. शुक्रवारी दुपारी भेटायचं, तेही दुकानाबाहेर उभं राहून. ते विचारायचे, जेवलीस? मी म्हणायची, जेवले. मंग त्यांची जायची वेळ व्हायची.

बेट मिळालं ते मॅडमच्या भावामुळे. तो पाखरांचं बघणारा सरकारी साहेब होता. समुद्रात एक खडकाळ बेट, त्यावर माणूस नाय, झाड नाय, गोडं पाणी नाय. हिवाळ्याच्या तोंडाला तिथे पाणकावळे अंडी घालायला यायचे. काळेभोर, बदकाएवढे, हजारांनी. साहेब म्हणायचा, ही जात फक्त ह्याच बाजूच्या समुद्रात आहे, जगात दुसरीकडे कुठे नाय. कुवेतची लढाई झाली तेव्हा समुद्रात तेल आलं, त्यात पुष्कळ मेली. आता उरलीत त्यांना कोणी त्रास देऊ नये म्हणून बेटावर माणूस ठेवायचा होता. मासे मारणारे यायचे, फिरायला येणारे यायचे, अंडी उचलून न्यायचे, पाखरांत कुत्री सोडायचे.

आधी एक माणूस ठेवला होता. तो पोटात दुखतंय म्हणून सलमानियाच्या इस्पितळात गेला तो परत बेटावर आलाच नाय. दुसरा ठेवला, तो मासेवाल्यांच्या बोटीतून पळाला. साहेबाची बोट चालवणारा चाचा आमच्याच बाजूचा, दाभोळ खाडीच्या पलीकडचा मुसलमान माणूस. आमच्या ह्यांच्या ओळखीचा. त्याने साहेबाला सांगितलं, "एकटा माणूस नाय टिकायचा साहेब. नवरा-बायको ठेवा. भांडायला कोण असला म्हणजे माणूस पळत नाय."

साहेबाला पटलं. मॅडमने चार महिने मला सोडायचं कबूल केलं. ह्यांच्या बोटीवाल्याशी साहेबच बोलला.

तर असं माझं पहिलं घर झालं. पत्र्याची पोर्टाकॅबिन होती, एक खोली. दोन खाटा, एक स्टोव्ह. बाहेर पाण्याची पिंपं, चाचा आठवड्याने भरून आणायचा. आंघोळ खाऱ्या पाण्याची, मंग तांब्याभर गोडं पाणी डोक्यावरून. वास तर असा की पहिले काही दिवस मला घास उतरेना. हजारो पाखरांची शीट, त्यात कुजलेली मासळी. अंथरुणात गोचिडी यायच्या. वारा सुटला की भातात वाळू. पण दार लावलं की आत आम्ही दोघंच. मी दार उगाच लावायची, दिवसा पण.

साहेबाने पहिल्या दिवशी नियम सांगितले. तो हिंदी तोडकं बोलायचा, मी पण तोडकंच, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. दगडांची एक ओळ घातली होती, तिच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाय. मोठ्याने ओरडायचं नाय. पाखरू घाबरून उठलं की अंडं उघडं पडतं, आणि कुरव टपलेलेच असतात. कुरव म्हणजे पांढरे समुद्रपक्षी, साहेब त्यांना सीगल म्हणायचा. ते अंडी खातात, बारकी पिल्लं गिळतात. म्हणून उष्टं-खरकटं बाहेर टाकायचं नाय, कुरव जमतात. सगळं डब्यात भरून चाचाच्या बोटीने परत पाठवायचं.

"ह्या वर्षी पाखरं टिकली तर पुढच्या वर्षी पण बोलावीन," साहेब म्हणाला. "नाय टिकली तर हे खलास. रिकाम्या बेटाला राखणदार कोण देतो?"

मी तेव्हाच मनात म्हटलं, ही पाखरं टिकली पाहिजेत. मला पाखरांचं तेवढं नव्हतं. मला त्या दाराचं होतं.

आम्ही गेलो आणि थोड्या दिवसांत पितृपक्ष लागला. माझी सासू दोन वर्षांमागे गेलेली. ह्यांना तेव्हा रजा मिळाली नाय. मोठा मुलगा असून अग्नी धाकट्याने दिला. हे काही बोलले नव्हते कधी, पण त्या वर्षी म्हणाले, "आईचं पान मी वाढणार."

"इथे?"

"मंग कुठे? मी इथे आहे ना."

चाचाने मनामाच्या मल्याळी दुकानातून केळीचं पान आणून दिलं. मी वडे केले, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर. खीर दुधाच्या पावडरीची झाली, त्याला इलाज नव्हता. पान पाण्याच्या पिंपावर ठेवलं. हे आंघोळ करून ओल्या धोतराने उभे. आता कावळा शिवला की आम्ही जेवणार.

कावळा कुठला? त्या बेटावर कावळा नव्हता. चाचा बोटीत बसून बघत होता. तो म्हणाला, "अरे, एवढे हजारभर पाणकावळे हायत, त्यातला येक बोलव."

"ते भात खात नाय," हे म्हणाले. चिडले होते.

आमच्याकडे कावळा शिवत नाय तेव्हा मेलेल्या माणसाचं काही राहिलंय असं धरतात आणि वचन देतात. तर हे हात जोडून वचनं द्यायला लागले. "आई, धाकट्याला वेगळं काढणार नाय." कोणी आलं नाय. "आई, परसातला फणस तोडणार नाय." कोणी आलं नाय. "आई, हिला मी काय बोलू देणार नाय तुझ्याबद्दल."

मी म्हटलं, "मी कधी बोलले?"

"गप गो."

ऊन डोक्यावर आलं. पोटात कावळे, आभाळात नाय. चाचाने नमाज पढून घेतला, डबा उघडला, जेवला. आणि मंग एक कुरव आला. पिंपावर उतरला, पानावर चालला. डावा पाय लंगडा होता. त्याने आख्खा वडा उचलला आणि गिळला.

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या सासूचा डावा गुडघा धरायचा, ती तशीच चालायची. ह्यांना तेवढं पुरे झालं.

"आई आली," म्हणाले.

मला भूक लागली होती. म्हटलं, आली तर आली, जेवू या.

पितृपक्ष संपला, पण पान थांबलं नाय. रोज सकाळी हे ताटलीत भात घालून, वर मासळीचा तुकडा ठेवून पिंपावर ठेवायचे. मी म्हटलं, "साहेबाने सांगितलंय, खायचं बाहेर टाकायचं नाय."

"ते उष्ट्याला सांगितलंय. हे उष्टं हाय काय? आपण तोंड लावायच्या आधीचं हाय."

आता ह्याला काय बोलायचं? बोलणं त्यांचं बरोबर होतं. उष्टं नव्हतंच ते.

लंगडा कुरव रोज यायला लागला. मंग दोन आले, मंग पाच-सहा. एका सकाळी बघते तर कॅबिनच्या पत्र्यावर पांढरी रांग. मी विचारलं, "ह्यात तुमच्या मावश्या कोण कोण?"

ह्यांनी भात जरा जास्त घातला.

मी पंधरा वर्षांची असल्यापासून सासूला वाढत आले. भात मऊ हवा, मासळी डोक्याकडची हवा, वाढताना बांगड्या वाजू नयेत. मेल्यावर पण मीच शिजवत होते, तेही स्टोव्हवर, वाऱ्यात. त्याचं मला एवढं काही नाय. शिजवायचं ते शिजवायचं. पण मंग अंडी घालायची सुरुवात झाली, आणि कुरव भात खाऊन परत जाईनात. तिथेच राहिले. पत्र्यावरून उठायचे आणि दगडांच्या ओळीपलीकडे जाऊन उभे राहायचे, बाजाराच्या दिवशी माणसं उभी असतात तसे, काही घ्यायचं नाय असं दाखवत.

एक दिवस माझ्यासमोर लंगड्याने एक पाणकावळी शेपटीला धरून ओढली. ती चिडून वळली, उठली. तेवढ्यात दुसऱ्याने अंडं फोडलं. पिवळं त्या लंगड्याच्या चोचीला लागलं होतं तसाच तो पिंपावर आला, भाताला.

मी ह्यांना हाक मारली. "बघा. तुमची आई लोकांची पोरं खाऊन आली."

"तसं बोलू नको."

"चोच बघा तिची."

त्यांनी बघितलं. मंग पाणी घेऊन ताटली धुतली, पुसली, आणि दुसऱ्या दिवशी परत भात वाढला. जिवंतपणी आई चुकली तर त्यांनी तिला कधी उपाशी ठेवली नव्हती, मेल्यावर कशी ठेवणार?

साहेब आला तेव्हा दुर्बिणीतून बराच वेळ बघत बसला. आमच्या बाजूचा सगळा कोपरा रिकामा पडला होता. घरटी होती, पाखरं उठून गेलेली. साहेबाच्या तोंडात कायम मफी मुश्किल, म्हणजे काही अडचण नाय. बोट बंद पडली, मफी मुश्किल. पाणी संपलं, मफी मुश्किल, होईल सगळं. त्या दिवशी दुर्बीण खाली घेतली आणि म्हणाला, "फी मुश्किल."

म्हणजे अडचण आहे.

"एक कोपरा उठला," साहेब म्हणाला. "असाच दुसरा उठेल. मग एक दिवस सगळी उठतील आणि दुसरीकडे जातील, अंडी टाकून. सीगल इतके इकडे कशाला आले? काय देता तुम्ही त्यांना?"

मी मनात म्हटलं, ज्याची आई त्याने बोलावं.

हे पुढे झाले. "साहेब, त्यांच्यात एक माझी आई हाय."

चाचाने तोंड दुसरीकडे केलं. त्याचे खांदे हलत होते. साहेब हसला नाय. खाली दगडावर बसला आणि म्हणाला, "सांग." ह्यांनी सगळं सांगितलं. रजा, अग्नी, वडे, लंगडा पाय. साहेबाने ऐकून घेतलं.

"रफीक," तो म्हणाला. कामगाराला तिकडे दोस्त म्हणून अशीच हाक मारतात. "तुमच्यात नेहमी कोण पक्षी येतो? हाच?"

"नाय. कावळा."

"कावळा आला असता तर ह्याला दिलं असतंस?"

हे म्हणाले, "नसतं दिलं."

"मनामात कावळे आहेत," साहेब म्हणाला. "मासळी बाजाराच्या मागे. उद्या चाचाबरोबर जा. तिथे वाढ. पण इथे आता एक दाणा नाय. आणि तरी पाखरं उठली, तर मी पुढच्या आठवड्यात हे बंद करतो. तू बोटीवर, बाई माझ्या बहिणीकडे."

त्या संध्याकाळी मी परत वडे केले. हे म्हणाले, "खीर पण कर." मी खीर पण केली.

सकाळी हे डबा घेऊन गेले आणि बेटावर मी एकटी राहिले. कुरव रोजच्या वेळेला आले. पिंप रिकामं. पत्र्यावर नाचले, चोची आपटल्या, ओरडले. मंग सगळे दगडांच्या ओळीकडे गेले. साहेबाने मला सांगितलं होतं, ओळीच्या अलीकडे बसून राहा. माणूस बसला की त्या बाजूने कुरव आत घुसायला बिचकतो. पण हलायचं नाय. हललीस तर पाणकावळेच उठतील.

तर मी बसले. मॅडमने दिलेला काळा अबाया, बुरख्यासारखा झगा, अंगावर घेतला, डोक्यावरून पण. पाणकावळ्यांना मी त्यांच्यातलीच वाटले असेन, मोठी. हिवाळ्याची सुरुवात, तरी ऊन चटका देत होतं. गोचिडी पायावर चढत होत्या, त्या काढायला वाकता येत नव्हतं. खोकला आला तो पदरात दाबला. समोर हातभर अंतरावर पाखरं, मान वेडीवाकडी करून बघायची आणि परत अंड्यावर बसायची.

लंगडा माझ्याजवळ आला. अगदी पुढ्यात. एका डोळ्याने बघत उभा राहिला. सासू पण भाताला चव नसली तर तशीच बघायची, बोलायची काही नाय.

माझा काही विश्वास नव्हता. पण आसपास कोणी नव्हतं आणि दिवस मोठा होता. मी हळू आवाजात म्हटलं, "आई, तुमचा मुलगा डबा घेऊन बाजाराकडे गेलाय. तुम्ही तिकडे जा."

तो हलला नाय.

"माझं लग्न झालं तेव्हा घर तुमचं होतं," मी म्हटलं. "मी काही मागितलं नाय. इथे पहिल्यांदा मी ह्यांच्याबरोबर एका खोलीत राहते. ती पण पत्र्याची. आणि तुम्ही इथे पण आलात."

त्याने चोच उघडली, मिटली. माझ्या पायाजवळून गेला आणि घरट्याकडे मान लांब केली. मी हात हलवला नाय. नुसतं दात आवळून त्याच्याकडे बघितलं. सासूकडे असं मी जन्मात बघितलं नव्हतं. तो मागे सरकला. मंग उडाला, फार लांब नाय, पाण्यापर्यंत.

दिवस मावळायच्या सुमाराला बोट आली. ह्यांचं तोंड उतरलेलं. मला वाटलं, कावळा शिवला नाय.

"शिवला ना," चाचा म्हणाला. "पान ठेवला नाय ठेवला, तसा झडप घालून वडा नेला. मंग धा-बारा आले, खीरपन संपवली."

"मंग ह्यांना काय झालं?"

"माझं एक वचन ऐकलं नाय," हे म्हणाले. "मी हात जोडेपर्यंत संपलं."

"तुजी आय भुकेली व्हती," चाचा म्हणाला. "एवढे दीस तू तिचा जेवण भलत्याला घातलास. ती काय आता भाषण ऐकत बसंल?"

हे पुढच्या दोन खेपा त्याच्याशी बोलले नाय. पण पिंपावर परत काही ठेवलं नाय.

कुरव एका दिवसात गेले नाय. सवय लागलेली. आम्ही पाळी लावली. सकाळी मी बसायची, दुपारनंतर हे. दोघांत एकच अबाया. मिशीवाला माणूस अबाया घालून बसलेला बघून मासे मारणाऱ्यांची एक बोट बेटाजवळ येता येता वळून निघून गेली, ते एक काम आपोआप झालं. आणखी काही घरटी गेली. मी रोज सकाळी उठून आधी बघायची, पाखरं आहेत का. आहेत. मंग चहा ठेवायची. हळूहळू कुरव कमी झाले. लंगडा शेवटपर्यंत टिकला, मंग तो पण दिसेना. हे एकदा म्हणाले, "कुठे गेला असेल?" मी म्हटलं, "पोट असेल तिकडे."

आणि मंग रिकाम्या कोपऱ्यात पाखरं परत आली. दुसऱ्यांदा अंडी घातली. साहेब दुर्बिणीतून बघून उठला आणि चाचाला मिठी मारली, कारण तोच जवळ उभा होता.

पण ह्या कोपऱ्याला उशीर झाला. बाकीच्यांची पिल्लं मोठी होऊन पाण्याशी गेली, तरी इकडची अजून पांढऱ्या लवेची, आईच्या घशात डोकं घालून मासे खाणारी. साहेब म्हणाला, शेवटचं पिल्लू पाण्यात जाईपर्यंत थांबा. मॅडमने निरोप पाठवला, चार महिने झाले, बाईला पाठव. साहेबाने उलट निरोप पाठवला, पाखरं राहिलीत. आम्हाला महिनाभर जास्त मिळाला.

हे म्हणाले, "हा महिना आईमुळे मिळाला."

मी विचार केला. हिशेबाने बरोबर होतं. पण मी ते त्यांना सांगितलं नाय.

पुढे अजून काही हिवाळे साहेबाने आम्हाला बोलावलं, पण त्या वर्षी ते माहीत नव्हतं. त्या वर्षी वाटत होतं, एवढंच. रोज मी पिल्लांकडे बघायची. पिल्लं जगावीत म्हणून जीव टांगलेला होता, आता ती मोठी व्हायला लागली तर तेही बघवेना. पंख फडफडवून बघायची, पाण्यापर्यंत घोळक्याने जायची, घाबरून परत यायची. परत आली की मला बरं वाटायचं.

एका सकाळी उठले तर कोपरा रिकामा. शीट, पिसं, तुटकी टरफलं. बाकी काही नाय. वास पण कमी झाला होता की मला कळत नव्हता, कोण जाणे. मी आत आले, चहा ठेवला.

हे म्हणाले, "बघितलंस?"

"बघितलं."

"चाचा गुरुवारी येईल."

"येऊ दे."

गुरुवारपर्यंत राखायला काही नव्हतं. ह्यांनी गळ टाकून एक शेरी मासा आणला. मी त्याचं तिखलं केलं. दार उघडंच ठेवलं, वारा चांगला होता. ते म्हणाले, मीठ कमी आहे. मी उठून मीठ दिलं.